राजदूताच्या नियुक्तीचं प्रसिद्धिपत्रक कसं वाचायचं

परराष्ट्र मंत्रालयाचं नियुक्तीचं पत्रक दोन ओळींचं असतं. 'श्री. अमुक (आयएफएस : 2001), सध्या मंत्रालयात सहसचिव, यांची तमुक देशातील भारताचे पुढील राजदूत म्हणून नियुक्ती करण्यात आली आहे. ते लवकरच पदभार स्वीकारतील, अशी अपेक्षा आहे.' संपलं. वर्तमानपत्रं त्याला गाव आणि शाळा जोडतात आणि 'सुपुत्राची राजदूतपदी झेप' असा मथळा देऊन मोकळी होतात. पण पत्रक नीट वाचलं तर माणसाची ज्येष्ठता, त्या देशाचं दिल्लीच्या लेखी असलेलं वजन आणि पडद्याआड होऊन गेलेल्या बऱ्याच गोष्टी त्या दोन ओळींतून कळतात.

कंसातल्या सालापासून सुरुवात करू. आयएफएस म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, 2001 ही तुकडी. म्हणजे परीक्षा 2000 ची आणि सेवेत प्रवेश पुढच्या वर्षी. परराष्ट्र सेवेत सगळी मोजदाद या सालाने होते. कोण कोणाला सीनियर, कोणाचा नंबर कधी लागेल, कोण कोणाच्या हाताखाली जायला नाखूश असेल, हे सगळं त्यावरून ठरतं. पत्रकाच्या तारखेतून तुकडीचं साल वजा करा. उत्तर वीस-बावीस आलं तर मध्यम आकाराचा दूतावास असणार. तीस-बत्तीस आलं तर वॉशिंग्टन, बीजिंग, मॉस्को, लंडन या वर्गातला. पंधरा-सोळा आलं तर छोटा देश, जिथे भारतातून गेलेले राजनैतिक अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यामागे साधा हिशेब आहे. राजदूतपद ही एकच श्रेणी नाही. मिशन म्हणजे परदेशातलं आपलं कार्यालय, आणि मिशनप्रमुखांची पदं संचालक, सहसचिव, अतिरिक्त सचिव आणि सचिव अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर मंजूर असतात. सहसचिव पातळीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 1,44,200 रुपयांपासून सुरू होतं, सचिवाचं 2,25,000 रुपये स्थिर. परदेशातला भत्ता वेगळा, आणि तो शहरानुसार बदलतो. दोघांच्याही गाडीवर तोच तिरंगा असतो, दोघांनाही 'हिज एक्सलन्सी' म्हणतात, पण दिल्लीच्या बैठकीत दोघांच्या खुर्च्या वेगळ्या ओळींत असतात.

आता 'सध्या मंत्रालयात सहसचिव' या शब्दांकडे या. इथवर यायला साधारण सतरा ते वीस वर्षं लागतात. मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम होतो, मग दिल्लीत परराष्ट्र सेवा संस्थेतलं प्रशिक्षण. ही संस्था 1986 मध्ये सुरू झाली, 2020 मध्ये तिला सुषमा स्वराज यांचं नाव दिलं गेलं. त्यात भारतदर्शन येतं, सैन्यदलांसोबत आणि राज्य सरकारसोबत काढलेले दिवस येतात, मग मंत्रालयातल्या एखाद्या डेस्कवर उमेदवारी. त्यानंतर भाषा मिळते, आणि कारकिर्दीचं पहिलं खरं वळण हेच.

प्रत्येक अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा सक्तीची असते. गुणानुक्रम, पसंती आणि मंत्रालयाची गरज पाहून ती ठरते. अरबी मिळाली तर कैरोसारख्या ठिकाणी, रशियन मिळाली तर मॉस्कोत, चिनी मिळाली तर बीजिंगला तृतीय सचिव म्हणून पाठवतात. तिथे कामापेक्षा वर्ग महत्त्वाचा. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. यूपीएससीत वरचा क्रमांक मिळवलेली मुलंसुद्धा चिनी किंवा अरबीपुढे घाम गाळतात, कारण इथे पाठांतराने भागत नाही. स्थानिक दूरचित्रवाणीवरच्या बातम्या समजल्या पाहिजेत, सरकारी निवेदनात कोणता शब्द गाळला हे कळलं पाहिजे. भाषा म्हणजे विधिलिखित नव्हे, पण ती माणसाला वारंवार त्याच प्रदेशाकडे ओढत राहते. विजय गोखले यांची कारकीर्द पाहा. तुकडी 1981 ची, भाषा चिनी. सुरुवातीच्या नेमणुकांत हाँगकाँग आणि बीजिंग, पुढे तैपेईतल्या भारताच्या कार्यालयाचं प्रमुखपद, मग मलेशियात उच्चायुक्त, जर्मनीत राजदूत, 2016 मध्ये चीनमध्ये राजदूत आणि 2018 ते 2020 परराष्ट्र सचिव. मलेशिया आणि जर्मनी मध्ये आले तरी मूळ धागा सुटला नाही. ज्ञानेश्वर मुळे 1983 च्या तुकडीचे, कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांची भाषा जपानी, आणि सुरुवात टोकियोत.

मधल्या वर्षांत पदनामं दोन रांगांत चालतात. बाहेर द्वितीय सचिव, प्रथम सचिव, काउन्सेलर, मिनिस्टर. दिल्लीत अवर सचिव, उपसचिव, संचालक, सहसचिव. माणूस तोच, विमानतळ ओलांडला की पदनाम बदलतं. द्वितीय सचिवाच्या वाट्याला बहुधा वाणिज्य दूतावासाचं खातं येतं. हरवलेले पासपोर्ट, तुरुंगात अडकलेले खलाशी, मालकाने पगार थकवलेले मजूर, मृतदेह मायदेशी पाठवण्याची कागदपत्रं. आखातात हे काम अंगावर कोसळतं. ज्याने ते मन लावून केलं, त्याला पुढे राजदूत म्हणून आपल्याच कार्यालयाच्या खिडकीबाहेर रांग का लागते, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. प्रथम सचिव राजकीय किंवा व्यापार विभाग सांभाळतो आणि दिल्लीला अहवाल धाडतो. स्थानिक वर्तमानपत्रांत आलेलंच पुन्हा लिहून पाठवणाऱ्याची किंमत दिल्लीतल्या डेस्कला लवकर कळते.

माझ्या मते राजदूत घडतो तो उपप्रमुखाच्या खुर्चीत. राजकीय भेटीगाठी प्रमुख करतात. इमारतीचं भाडं, स्थानिक कर्मचाऱ्यांचे वाद, लेखापरीक्षणाचे आक्षेप, मंत्र्यांच्या दौऱ्यातल्या गाड्या हे सगळं उपप्रमुखाच्या गळ्यात. शिवाय राजदूत देशाबाहेर गेले की प्रभारी तोच. हा अनुभव न घेता थेट छोट्या मिशनचा प्रमुख झालेला अधिकारी पहिल्या सहा महिन्यांत हिशेबाच्या वहीतच अडकतो, कारण तिथे त्याच्या हाताखाली हे करायला दुसरं कोणी नसतं.

नेमणुकांची ठिकाणं राहणीमानाच्या सोयी-गैरसोयीनुसार अ-तारांकितपासून क-तारांकितपर्यंत वर्गांत विभागलेली असतात. सोयीच्या ठिकाणी साधारण तीन वर्षं, कठीण ठिकाणी दोन. पॅरिस झालं की पुढची पाळी एखाद्या कष्टाच्या केंद्राची, असा अलिखित न्याय चालतो. घरच्या आघाडीवर याची किंमत मोठी. मुलांच्या शाळा दर तीन वर्षांनी बदलतात आणि जोडीदाराची नोकरी टिकत नाही. पती-पत्नी दोघेही सेवेत असतील तर एकाच शहरात दोन जागा मिळवणं ही तारेवरची कसरत.

अडतं कुठे? पहिली अडचण वयाची, आणि तिच्याबद्दल स्पर्धा परीक्षेची मुलं फारसा विचार करत नाहीत. बाविसाव्या वर्षी सेवेत आलेल्याला निवृत्तीपर्यंत अडतीस वर्षं मिळतात, एकतिसाव्या वर्षी आलेल्याला एकोणतीस. सचिव श्रेणी तीसेक वर्षांच्या सेवेनंतर हाती येते, म्हणजे उशिरा आलेला माणूस कितीही हुशार असला तरी वॉशिंग्टन-बीजिंगची दारं त्याच्यासाठी जवळपास बंद. राजदूत मात्र तो होतोच. शिवाय मिशनप्रमुखाला निदान दोन-तीन वर्षं तिथे काढता यावीत, म्हणून निवृत्तीला किती काळ उरला आहे तेही पाहिलं जातं. अपवाद असतात. परराष्ट्र सचिवाला वयाची अट बाजूला ठेवून दोन वर्षांची मुदत मिळते, आणि काही मोठ्या राजधान्यांत निवृत्तीनंतरही नेमणूक होते. विनय क्वात्रा परराष्ट्र सचिवपदावरून उतरल्यावर 2024 मध्ये वॉशिंग्टनला गेले.

दुसरी अडचण दक्षता विभागाची. चौकशी प्रलंबित असेल तर नाव पुढे सरकत नाही, मग आक्षेप कितीही किरकोळ असो. तिसरी वार्षिक मूल्यमापन अहवालाची. एकाच ज्येष्ठाशी बिनसलं आणि शेरा सपक आला, की पाच-सात वर्षांनी पदोन्नती समितीपुढे तोच शेरा आडवा येतो.

आणि एक अडचण अशी होती, जी नियमांतच लिहिलेली होती. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये सेवेत आलेल्या पहिल्या महिला. 1970 मध्ये हंगेरीत त्या राजदूत झाल्या, पण सर्वोच्च श्रेणी नाकारली गेल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हाच्या 1961 च्या नियमांत महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला लावता येईल, अशी तरतूद होती. 1979 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. तोवर सरकारने मुथम्मा यांना बढती देऊन टाकली होती. त्यानंतर त्या नेदरलँड्समध्ये राजदूत होत्या. आज तुकडीतल्या मुलींना हे नियम वाचून हसू येत असेल, पण त्या नियमांखाली संपलेल्या कारकिर्दी परत येत नाहीत.

निवड कशी होते? रिकाम्या होणाऱ्या मिशनची यादी मंत्रालयात फिरते, पसंती विचारली जाते, परराष्ट्र सचिव आणि मंत्री नावं ठरवतात, मोठ्या जागांवर पंतप्रधानांचा शब्द अंतिम. भारतात संसदेची मंजुरी लागत नाही. हा फरक मोठा आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष फक्त नाव सुचवतो, संमती सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाची. एरिक गार्सेटी यांचं नाव भारतासाठी जुलै 2021 मध्ये पुढे आलं. समिती, सुनावणी, आक्षेप यांत काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली, नामांकन परत गेलं, 2023 च्या सुरुवातीला ते पुन्हा पाठवावं लागलं आणि 15 मार्च 2023 ला 52 विरुद्ध 42 मतांनी ते मंजूर झालं. या काळात दिल्लीतला अमेरिकी दूतावास एकामागून एक प्रभारींनी चालवला. आपल्याकडे हा घोळ नाही, पण कोणाला का पाठवलं हे जाहीरपणे विचारण्याची जागाही नाही. मला सिनेटची सुनावणी, सगळ्या नाटकासकट, अगदीच टाकाऊ वाटत नाही.

नाव पक्कं झालं की खरा नाजूक टप्पा येतो, आणि तो पत्रकात अजिबात दिसत नाही. त्याला अग्रेमाँ म्हणतात. 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 4 नुसार राजदूत पाठवण्याआधी यजमान देशाची संमती घ्यावी लागते, आणि नकार द्यायचा असेल तर यजमान देशाला कारण सांगण्याचं बंधन नाही. प्रत्यक्षात तिथला आपला दूतावास संबंधित अधिकाऱ्याचा बायोडेटा यजमान मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागाकडे गुपचूप देतो. मग वाट पाहायची. काही देश दोन-तीन आठवड्यांत होकार कळवतात, काही महिनोन्महिने घेतात. 'नाही' असं लेखी जवळजवळ कोणीच कळवत नाही. उत्तरच येत नाही. पुरेसा काळ गेला की पाठवणाऱ्याने समजून घ्यायचं आणि दुसरं नाव द्यायचं, म्हणजे कोणाचीच शोभा होत नाही.

म्हणूनच होकाराआधी नाव फुटू द्यायचं नसतं. 2015 मध्ये इस्रायलने दानी दायान यांचं नाव ब्राझीलसाठी उघडपणे जाहीर केलं. ते वेस्ट बँकमधल्या वसाहतींच्या संघटनेचे माजी प्रमुख. ब्राझीलने उत्तरच दिलं नाही. काही महिन्यांनी इस्रायलने त्यांना न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत, म्हणजे राजधानीबाहेरच्या शहरातल्या कार्यालयाचा प्रमुख, म्हणून पाठवलं. त्याच वर्षी फ्रान्सने लोराँ स्तेफानिनी यांचं नाव व्हॅटिकनला दिलं होतं. तिथूनही मौनच. पुढे त्यांची नेमणूक युनेस्कोत झाली. या दोन्ही पर्यायांत एक तांत्रिक मेख आहे. महावाणिज्यदूताला अग्रेमाँ लागत नाही, यजमान देशाचा काम करण्याचा परवाना पुरतो, आणि तो 1963 च्या वेगळ्या करारात येतो. आंतरराष्ट्रीय संघटनांमधल्या प्रतिनिधींनाही सर्वसाधारणपणे अग्रेमाँ नसतं. संयुक्त राष्ट्रांतले स्थायी प्रतिनिधी आपलं अधिकारपत्र थेट महासचिवांना देतात.

महावाणिज्यदूत म्हणजे राजदूतापेक्षा नेहमीच खालचा, असंही समजू नका. ज्ञानेश्वर मुळे मालदीवमध्ये उच्चायुक्त होते आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले. न्यूयॉर्कच्या खुर्चीचं वजन अनेक राजधान्यांपेक्षा जास्त आहे. तसंच उच्चायुक्त आणि राजदूत यांत कामाचा फरक नाही. राष्ट्रकुलातल्या देशांनी एकमेकांकडे पाठवलेल्याला उच्चायुक्त म्हणतात, इतकंच.

होकार आला, पत्रक निघालं. आता 'लवकरच' या शब्दात काय बसतं ते पाहू. नियुक्त राजदूत मंत्रालयाच्या संबंधित विभागात बसून जुन्या फायली वाचतो, वाणिज्य, संरक्षण, कृषी अशा मंत्रालयांत जातो, उद्योग संघटनांना भेटतो. आफ्रिकेत जाणाऱ्याने, परदेशी प्रकल्पांना भारताकडून कर्ज देणाऱ्या एक्झिम बँकेकडची पतपुरवठ्याची यादी पाहिल्याशिवाय विमानात बसू नये. अर्धवट पडलेला वीज किंवा पाण्याचा प्रकल्प हाच तिथे पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न असतो. मॉरिशसला जाणाऱ्याने तिथल्या मराठी भाषकांच्या संस्था माहीत करून घ्याव्यात, इस्रायलला जाणाऱ्याने कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या. ही मंडळी पहिल्याच महिन्यात दूतावासात येतात आणि त्यांना गावांची नावं ठाऊक असलेला माणूस आवडतो. निघण्यापूर्वी राष्ट्रपतींची भेट होते.

सोबत दोन पत्रं असतात. एक अधिकारपत्र, एक आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं. दोन्ही आपल्या राष्ट्रपतींच्या सहीची, तिकडच्या राष्ट्रप्रमुखाच्या नावे. नावात आणि बिरुदांत एक अक्षर चुकून चालत नाही. राजेशाही देशांत बिरुदं चार-चार ओळींची असतात. पत्र तयार झाल्यावर तिकडचा राजा वारला किंवा सत्तापालट झाला, तर पत्र पुन्हा बनवून, सही घेऊन, नव्याने पाठवावं लागतं. जुना आणि नवा राजदूत एका वेळी त्या देशात नसावेत असा संकेत आहे, म्हणून कार्यभार प्रत्यक्ष हातातून हातात दिला जात नाही. मधे प्रभारी असतो. वॉशिंग्टनमधले राजदूत तरणजितसिंग संधू जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाले आणि क्वात्रा ऑगस्टमध्ये पोहोचले. दरम्यान तिथला दूतावास उपप्रमुख श्रीप्रिया रंगनाथन यांनी सांभाळला. प्रभारी मुद्दाम ठेवणं हाही एक संदेश असतो. ऑगस्ट 2019 पासून इस्लामाबादेत आपला उच्चायुक्त नाही, दिल्लीत त्यांचा नाही. कॅनडातून ऑक्टोबर 2024 मध्ये उच्चायुक्त माघारी आले. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांनी एकाच दिवशी नवी नावं जाहीर केली, आणि संबंध सुधारत असल्याची तीच खरी बातमी होती.

विमानतळावर उतरला म्हणून माणूस पूर्ण राजदूत होत नाही. आधी तो पत्रांच्या प्रती परराष्ट्र मंत्रालयाला देतो, मग राष्ट्रप्रमुखाच्या सोयीची तारीख मिळते. अनेक ठिकाणी चार-सहा राजदूत जमेपर्यंत समारंभच ठेवत नाहीत, दिल्लीतही एकाच दिवशी अनेकांची पत्रं स्वीकारली जातात. तोवर मोठे जाहीर कार्यक्रम आणि मंत्र्यांच्या औपचारिक भेटी टाळायच्या. देशोदेशीच्या प्रथा वेगळ्या, त्यामुळे प्रोटोकॉल विभागाला विचारूनच पाऊल टाकलेलं बरं. लंडनमध्ये राजवाड्यावर नेण्यासाठी बग्गी येते. राजदूताच्या बग्गीला दोन घोडे, उच्चायुक्ताच्या बग्गीला चार. सगळ्या राजदूतांमधली ज्येष्ठता कामाला सुरुवात झाल्याच्या तारखेवरून, आणि तारीख एकच असेल तर वेळेवरून ठरते. चीनचा असो वा तुवालूचा, आधी आलेला पुढे.

पत्रकात कधी कधी 'सोबतच अमुक देशातही' अशी पुस्ती असते. ब्रसेल्सचा आपला राजदूत बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि युरोपीय संघ तिन्ही पाहतो. फिजीची राजधानी सुवा, तिथल्या उच्चायुक्ताकडे टोंगा, तुवालू अशी पॅसिफिकमधली बेटंही असतात. प्रत्येक देशासाठी अग्रेमाँ वेगळं, पत्रं वेगळी, समारंभ वेगळा. विमानं आठवड्यातून मोजकी असल्याने शेवटच्या बेटावरचं पत्र सादर होईतो एक वर्ष सहज उलटतं.

कंसात तुकडीचं सालच नसेल, तर माणूस सेवेबाहेरचा. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला 1958 मध्ये वॉशिंग्टनला गेले, कायदेपंडित नानी पालखीवाला 1977 मध्ये. औंधचे आप्पा पंत 1948 मध्ये नैरोबीला गेले आणि पुढे जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम अशी त्यांची पूर्ण कारकीर्दच झाली. अलीकडे माजी लष्करप्रमुख दलबीरसिंग सुहाग सेशेल्सला उच्चायुक्त होते. अमेरिकेत ढोबळमानाने तीनातला एक राजदूत राजकीय नेमणुकीचा असतो, आपल्याकडे हे प्रमाण अगदी थोडं. याउलट एक वाट तळातून वर येते, आणि तिची बातमी क्वचित होते. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून मंत्रालयात सहायक म्हणून लागलेले काही जण परराष्ट्र सेवेच्या 'ब' शाखेतून बढत्या घेत छोट्या मिशनचे प्रमुख होतात. त्यांनी पासपोर्टच्या खिडकीपासून गुप्त टपालापर्यंत सगळी कामं हाताने केलेली असल्याने, तीन अधिकाऱ्यांच्या दूतावासात त्यांचं पान कुठे अडत नाही.